औषधाच्या दुकानात

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी गेलात की दोन ठिकाणी हमखास गर्दी दिसते. एक एस.टी.च्या थांब्यावर आणि दुसरी औषधाच्या दुकानात. त्या दुकानाला आपण ‘मेडिकल’ म्हणतो. आपण चिठ्ठी पुढे करतो, पैसे मोजतो, पिशवी घेतो आणि गाडी चुकू नये म्हणून पळत सुटतो. काउंटरच्या पलीकडचा माणूस तेवढ्या वेळात काय करतो, तिकडे आपले लक्ष नसते. आपल्याला वाटते, याचे काम ते काय? फळीवरचा डबा काढायचा आणि हातावर ठेवायचा. किराणा दुकानात गूळ मागितला की गूळ देतात, तसेच हे.

तसे ते नाही. गूळ जरा जास्त पडला तर चहा गोड होतो. औषध जास्त झाले तर माणूस हातचा जातो.

आम्ही एकदा ओळखीच्या एका दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत बसून राहिलो. दुकान लहानच. त्यात दोन माणसे. एक भाऊ, दुकानाचे मालक. दुसरी ताई, तिथे नऊ वर्षे कामाला असलेली. भाऊंच्या डोक्यावर भिंतीला एक चौकट टांगलेली होती. लोकांना वाटते देवाची तसबीर असेल. ती देवाची नव्हती. तो फार्मासिस्टच्या नोंदणीचा दाखला होता. बारावीनंतर निदान दोन वर्षे औषधांचा अभ्यास करावा लागतो, वर प्रत्यक्ष काम शिकावे लागते, तेव्हा हा दाखला मिळतो. १९४८ साली फार्मसीचा कायदा झाला. त्यापूर्वीचा १९४० सालचा औषधांचा कायदा आहे. चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणी झालेल्या फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच चालले पाहिजे, असा नियम आहे. दाखला भिंतीवर आहे आणि ज्याचा दाखला तो माणूस दुकानात नाही, असेही काही ठिकाणी चालते. ते बरोबर नव्हे. आपण जाल तेव्हा सरळ विचारावे, ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ विचारायला पैसे पडत नाहीत.

ताईकडे असा दाखला नाही. ती भाऊंच्या हाताखाली काम करते. पण दुकानातले निम्मे काम तिच्याच हातून होते.

सकाळी कुलूप उघडले, उदबत्ती लावली, आणि ताई पहिल्यांदा गेली ती फ्रीजकडे. आम्हांला वाटले पाणी काढते आहे. तिने आतला उष्णतामापक पाहिला आणि वहीत आकडा लिहिला. साखरेच्या आजाराचे इन्शुलिन, तसेच पुष्कळशा लसी, २ ते ८ अंशांमध्ये ठेवाव्या लागतात. त्याहून ऊन लागले तर औषधाचा जोर जातो. गोठले तरीही जातो. गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले म्हणजे दिसते तसेच, पण त्याचा भरवसा राहत नाही. म्हणून ते बर्फाच्या पेटीत बर्फाला चिकटवून नेऊ नये. रात्री वीज किती वेळ गेली होती, हेही ताईने शेजारच्या चहावाल्याला विचारून घेतले. घरी फ्रीज नसेल तर काय करायचे, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. घट्ट झाकणाच्या डब्यात बाटली घालावी आणि तो डबा पाण्याच्या मातीच्या भांड्यात गार जागी ठेवावा. चुलीजवळ, पत्र्याखाली किंवा खिडकीतल्या उन्हात कोणतेच औषध ठेवू नये.

मग माल आला. घाऊक व्यापाऱ्याचा माणूस मोटारसायकलवर खोकी घेऊन आला. आम्हांला वाटले, खोकी मोजायची आणि सही करायची. पण ताईने एकेक पाकीट उघडून बिलाशी ताडून पाहिले. नाव, ताकद, बॅच नंबर आणि मुदत. बॅच म्हणजे घाणा. एका वेळी जेवढा माल बनतो त्या सगळ्याला एकच नंबर देतात. नवा माल तिने फळीवर मागे सारला आणि ज्याची मुदत आधी संपणार तो पुढे ओढला. मुदत संपलेली पाकिटे काढून एका वेगळ्या खोक्यात टाकली. खोक्यावर ‘विकू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. ती पाकिटे व्यापाऱ्याकडे परत जातात.

ही मुदत तुम्हांलाही पाहता येते. आता तुम्ही म्हणाल, पट्टीवर सगळे इंग्रजी असते, आम्ही नुकतेच मराठी वाचू लागलो. खरे आहे. पण आकडे तर आपण मोबाईलवर रोज पाहतो. पट्टीच्या एका टोकाला दोन तारखा असतात. एक माल बनल्याची, एक मुदत संपण्याची. मुदतीच्या तारखेआधी बहुधा तीन इंग्रजी अक्षरे असतात आणि त्यातले मधले अक्षर फुलीसारखे असते. फुली दिसली की पुढचे आकडे वाचा. तिथे आठ आणि सत्तावीस असे आकडे असले, तर ते औषध ऑगस्ट २०२७ च्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. दहा गोळ्यांच्या पट्टीतून चारच गोळ्या घ्यायच्या असल्या तर ताई तारखेचे टोक राखून दुसऱ्या टोकाकडून कापते. मग तुमच्या चार गोळ्यांवर तारीख येत नाही. म्हणून ती बिलावर येते. बिल घ्यायचे ते एवढ्यासाठी.

बिलाचे आणखीही एक कारण आहे, आणि ते फार मोठे आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. एवढे होऊनही ते विष औषधात यायचे थांबले नाही. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून तेच विष लहान मुलांच्या पोटात गेले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि अनेक मुले गेली. असा घाणा सापडला की सरकार त्याचा बॅच नंबर जाहीर करते आणि दुकानातला माल परत मागवते. पण जी बाटली आधीच विकली गेली, ती कोणत्या घरी गेली? बिलावर नंबर असेल तर कळेल. बिल नसेल तर कोणाला काय कळणार? त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने सांगितले, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा नकोत. ताई आता आयांना तेच सांगते. काही आया रागावतात. ‘पोर रातभर खोकतंय, आणि तू औषध नाही म्हणतेस!’ तिला त्या ऐकून घ्याव्या लागतात.

दहा वाजता गर्दी सुरू झाली. आता चिठ्ठीकडे येऊ, कारण खरे काम इथे आहे.

चिठ्ठी हातात आली की ताई आधी रोग्याचे नाव, वय आणि तारीख पाहते. मग औषध. मग ताकद. मग दिवसातून किती वेळा, आणि किती दिवस. डॉक्टर बरेचदा संक्षेपात लिहितात. ‘ओ. डी.’ म्हणजे दिवसातून एकदा. ‘बी. डी.’ म्हणजे दोनदा. ‘टी. डी. एस.’ म्हणजे तीनदा. ‘एच. एस.’ म्हणजे झोपताना. ‘एस. ओ. एस.’ म्हणजे रोज नव्हे, त्रास होईल तेव्हाच. काहीजण एक-शून्य-एक असे आकडे लिहितात. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. हे एवढे आपल्यालाही ओळखता येईल.

अक्षर लागत नसेल तर? डॉक्टरांनी सुवाच्य लिहावे, जमल्यास मोठ्या अक्षरांत लिहावे आणि औषधाचे मूळ नाव लिहावे, असा नियम २०१६ साली झाला आहे. तरी कोंबडीच्या पायासारखी अक्षरे अजून येतात. त्या दिवशी अशी एक चिठ्ठी आली. ताईने ती भाऊंना दाखवली. भाऊंनी चष्मा पुसला, उजेडात धरली आणि डॉक्टरांना फोन लावला. पाच मिनिटे गेली. मागचे गिऱ्हाईक कुरकुरू लागले. ‘अहो, इतकी वर्सं दुकान चालवताय, अजून वाचता येत नाही व्हय?’ भाऊ म्हणाले, ‘वाचता येतं, मामा. अंदाज करता येत नाही.’

ताकदीचा घोळ तर फारच वाईट. एकाच नावाची गोळी ५ मिलिग्रॅमची असते आणि ५० ची पण असते. डब्याचा रंग तोच, नाव तेच, फरक एका शून्याचा. म्हणून ताई डबा काढताना एकदा, पट्टी काढताना एकदा आणि पिशवीत घालताना एकदा, असे तीन वेळा चिठ्ठीशी लावून पाहते. तिने हे आम्हांला सांगितले नाही. आम्हीच मोजले.

दुपारी एक बाई कडेवर मूल घेऊन आली. मुलाला ताप होता. तिने घरातली जुनी बाटली बरोबर आणली होती. ‘ह्यातलंच देऊ का एक चमचा? मागल्या वेळी चमचाभरच दिलं होतं.’ ताईने बाटली पाहिली आणि तिचा चेहरा बदलला. ते औषध तापाचेच होते, पॅरासिटामॉल. पण ते पातळ औषध नव्हते, थेंब होते. मागच्या वेळी बाईने दिले होते ते पातळ औषध. त्यात ५ मिलिलिटरला, म्हणजे औषधाच्या एका चमच्याला, १२५ मिलिग्रॅम औषध असते. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे थेंबांचा चमचाभर दिला असता तर ५०० मिलिग्रॅम गेले असते. चौपट! तान्ह्या मुलांना अगदी थोडे पाजता यावे म्हणून थेंब असे दाट करतात. थेंबांच्या बाटलीबरोबर नळी येते, त्या नळीनेच द्यायचे. पातळ औषधाबरोबर मापाचे टोपण येते, त्या टोपणानेच द्यायचे. घरचा चमचा माप नव्हे. कोणाचा लहान, कोणाचा वाटीएवढा. ताईने टोपणावरची रेघ बाईला बोटाने दाखवली आणि तिच्याकडून एकदा पाणी ओतून घेतले.

काही मुलांची औषधे बाटलीत कोरडी भुकटी म्हणून येतात. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे आणि हलवायचे. एकदा पाणी घातले की ते औषध थोडेच दिवस टिकते, बहुधा आठवडाभर. किती ते बाटलीवर असते. उरले ते पुढच्या आजारासाठी ठेवायचे नाही. जुलाबावरची साखर-मिठाची पुडी, ओ.आर.एस., हीसुद्धा पाण्याच्या मापाने करायची. मोठी पुडी एक लिटरची असते. ती पेल्यात थोडी थोडी घालू नये. सगळी पुडी एका लिटरमध्ये घालावी आणि चोवीस तासांत संपवावी. उरले तर ओतून द्यावे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत या पाण्याने असंख्य जीव वाचवले. इतकी साधी पुडी, पण माप चुकले तर तीही उलटते.

आता एक आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आमच्यातल्या एकाच्या वडिलांना रक्तदाब होता. गावच्या डॉक्टरांनी गोळी दिली. पुढे ते मुलीकडे शहरात गेले, तिथल्या डॉक्टरांनीही गोळी दिली. दोन डॉक्टर, दोन दुकाने, दोन निराळी नावे. म्हातारा माणूस प्रामाणिक. दोन्ही गोळ्या नेमाने घेई. पायांना सूज आली, उठले की डोळ्यांपुढे अंधारी येई. एके दिवशी गोठ्यात पडले. डोक्याला खोक पडली. मग कोणीतरी म्हणाले, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन मेडिकलमध्ये जा. तिथल्या माणसाने पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. मोठ्या अक्षरांतली नावे निराळी होती. लहान अक्षरांतले नाव एकच होते, अॅम्लोडिपीन. वडील रोज दुप्पट औषध खात होते. दोन्ही दुकानदारांनी चिठ्ठीप्रमाणेच माल दिला होता. एवढेच, की ‘आणखी काय घेता?’ हे कोणी विचारले नव्हते, आणि आपण होऊन आम्ही कोणी सांगितले नव्हते.

मोठे नाव कंपनीचे असते, लहान नाव मूळ औषधाचे. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही तीन नावे झाली, आत औषध एकच, पॅरासिटामॉल. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच घातलेले असते. एक तापासाठी, एक अंगदुखीसाठी, एक सर्दीसाठी असे घेत गेलो तर एकच औषध तीन वाटांनी पोटात जाते. मोठ्या माणसाला दिवसाकाठी ४ ग्रॅमहून, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्यांहून, जास्त पॅरासिटामॉल कधीही चालत नाही. यकृत बिघडते. दारू पिणाऱ्याचे किंवा अशक्त माणसाचे त्याहून कमी औषधातही बिघडते. मूळ नावानेच औषधे विकणारी स्वस्त जनऔषधी केंद्रेही २००८ पासून निघाली आहेत. तेथे औषध कमी पैशांत मिळते. मात्र चिठ्ठीवर एका कंपनीचे नाव असताना दुकानदाराने मनानेच दुसरे द्यायचे नसते. डॉक्टरांना विचारून घ्यावे लागते.

काही औषधे रोज घ्यायची नसतात, हे तर पुष्कळांना ठाऊकच नाही. सांधेवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी असते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर रक्त तयार होणे थांबते, माणूस मरतो. ती गोळी देताना ताईने लाल पेनाने पाकिटावर लिहिले, ‘फक्त सोमवारी’, आणि घ्यायला आलेल्या सुनेकडून ते मोठ्याने वाचून घेतले.

चारच्या सुमारास भांडण झाले. एक तरणा माणूस आला. म्हणाला, ‘मेव्हण्याला दिली होती ती जळजळीत गोळी द्या. माझाही घसा धरलाय.’ भाऊंनी चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हती. भाऊंनी त्याला पट्टी दाखवली. तिच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक लाल उभी रेघ होती. ही रेघ ओळखायला इंग्रजी लागत नाही. रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. जंतू मारणाऱ्या औषधांवर ती असते. अशी औषधे नको तेव्हा घेतली, किंवा दोन दिवस घेऊन बरे वाटले म्हणून सोडली, तर जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. मग खरी गरज पडेल तेव्हा ते औषध लागू पडत नाही. यातल्या काही औषधांसाठी भाऊंना वेगळी वही ठेवावी लागते. रोग्याचे नाव, डॉक्टरचे नाव, औषध आणि किती दिले ते लिहायचे, आणि ती वही तीन वर्षे जपायची. क्षयाची औषधेही त्या वहीत येतात. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हे भाऊ प्रत्येकाला आठवणीने सांगतात. त्यात त्यांची विक्री बुडते, तरी सांगतात.

तो तरणा माणूस तणतणत समोरच्या दुकानात गेला. तिथे त्याला ती गोळी मिळाली. भाऊ आमच्याकडे पाहून नुसते हसले. सगळीच दुकाने सारखी नसतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी गर्दी ओसरली. ताईने संपलेल्या औषधांची वही लिहिली, कापलेल्या पट्ट्या जागच्या जागी लावल्या. शेवटच्या गाडीच्या आधी एक आजी आल्या. दर महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या होत्या, चिठ्ठी नवी होती. ताईने पट्ट्या पुढे ठेवल्या. आजींनी कमरेची पिशवी सोडली, जुनी रिकामी पट्टी काढली आणि दिव्याखाली दोन्ही शेजारी धरल्या.

‘पोरी, जुन्या पट्टीचं पहिलं अक्षर काठीवानी व्हतं. ह्ये तर गोल दिसतंय.’

ताईने पट्टी परत घेतली, चिठ्ठीशी लावली, भाऊंना दाखवली. मग म्हणाली, ‘बरोबर ओळखलंत, आजी. डॉक्टरांनीच कंपनी बदललीय. आतलं औषध तेच आहे. घरी जुन्या उरल्यात का?’

‘चार हायेत.’

‘मग त्या आधी संपवा. त्या संपल्या की ही सुरू करा. दोन्ही एकदम घेऊ नका.’ आणि तिने पाकिटावर मराठीत तसे लिहून दिले. आजींनी ते एकेक अक्षर लावून वाचले, बिल मागून घेतले आणि जुनी पट्टी पुन्हा पिशवीत ठेवली.